तात्पुरत्या तंबूंचा हिशेब

पावसाळा सरला, नद्यांचे गढूळ पाणी निवळू लागले आणि भातकापणीची घाई ओसरली की गोव्यातील घराघरांत सहलीचे बेत शिजू लागतात. हे काही नवे नव्हे. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत मांडून वनभोजन करण्याची आपली रीत जुनी आहे. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री साखळीजवळ विठ्ठलापूर येथे वाळवंटीच्या पात्रात सजविलेल्या होड्या सोडल्या जातात तेव्हा सारा परिसर नदीकाठी लोटतो. रान आणि नदी आमच्या लोकांना परकी कधीच नव्हती. मात्र ह्या साऱ्या येण्याजाण्यात एक गोष्ट न बोलता पाळली जाई. पंगत उठली की उष्ट्या पत्रावळी गोळा व्हायच्या, चुलीवर पाणी ओतले जायचे आणि माणसे आपापल्या घरी परतायची. रात्री रान रानाचे असे.

आता रात्रीलाही गिऱ्हाईक मिळाले आहे. नदीकाठच्या झाडीत तंबू ठोकून एक-दोन रात्री काढण्याची टूम गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून आपल्याकडे आली, आणि तिच्यातही ज्याला 'ग्लॅम्पिंग' म्हणतात तो प्रकार अधिक चलनात आहे. 'ग्लॅमर' आणि 'कॅम्पिंग' ह्या दोन शब्दांची सांधेजोड करून हा शब्द तयार झाला. वस्तूही तशीच सांधेजोडीची आहे. वरून कापड, आत पलंग, गादी, पंखा किंवा वातानुकूलन यंत्र, मागच्या बाजूस शौचकूप आणि गरम पाण्याचे स्नानगृह, पुढे लाकडी ओटा आणि ओट्यावरून नदीचे दर्शन. रानात राहायचे, पण रानाने आपल्याला शिवू नये, अशी ही व्यवस्था. ज्यांच्या हाती पैसा आहे त्यांनी तो असा खर्च करावा की नाही हा त्यांचा प्रश्न आहे; त्यावर नाक मुरडण्याचे आम्हांला कारण नाही. चांदण्या रात्री म्हादईच्या काठी निजावे असे कोणाला वाटणार नाही? आमचा प्रश्न निराळा आहे. हा तंबू कोणत्या जागेवर, कोणत्या परवान्यावर उभा राहतो, आणि सकाळी गिऱ्हाईक निघून गेल्यावर मागे काय राहते, हे विचारण्याचे काम कोणाचे?

तंबूंची ही लाट किनाऱ्याकडून डोंगराकडे का वळली, हे समजून घेतल्यावाचून ह्या विषयावर बोलणे अन्यायाचे ठरेल. किनारा भरून गेला आहे, हे एक कारण. दुसरे कारण खाणींचे आहे. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्यातील खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या. सांगे, धारबांदोडा, डिचोली, सत्तरी ह्या भागांतील ट्रक दारात गंजले. ज्या घरांचे हप्ते त्या ट्रकांवर चालत होते त्या घरांतील तरुणांनी पर्यटनाकडे पाहिले यात नवल नाही. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीपगाड्यांवर कितीतरी कुटुंबे पोट भरतात. तेव्हा अंतर्भागातील गावांना पर्यटनाचा पैसा मिळू नये असे म्हणणारा माणूस बहुधा किनाऱ्यावरच्या एखाद्या हॉटेलाचा भागीदार असावा. जून २०२३ मध्ये जी-२० देशांचे पर्यटनमंत्री गोव्यात जमले आणि त्यांनी स्वीकारलेल्या आराखड्याला 'गोवा रोडमॅप' असे आमच्या राज्याचे नाव मिळाले. त्या आराखड्यातील पहिला मुद्दा हरित पर्यटनाचा आहे. नाव आमचे असल्यामुळे निदान आम्ही तरी तो गंभीरपणे घ्यायला हवा.

ह्या सगळ्या व्यवहारात एका शब्दाला अवास्तव महत्त्व आले आहे. तो शब्द म्हणजे 'तात्पुरते'. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात व्यापारी स्वरूपाची पर्यटक निवासे बांधायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वमान्यता लागते. अभयारण्याभोवती जे पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र आखतात, आणि गोव्यातील अभयारण्यांभोवती ते २०१५ साली आखले गेले, त्यासंबंधीच्या अधिसूचनांचा सर्वसाधारण साचा असा असतो की, ह्या पट्ट्यात नवी व्यापारी हॉटेले व रिसॉर्ट उभारता येणार नाहीत. परंतु निसर्गपर्यटनासाठी लागणाऱ्या तात्पुरत्या निवासाला सवलत राहील. डिसेंबर २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारित वनसंरक्षण कायद्याने आणखी एक दार किलकिले केले. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या सरकारी वनजमिनीवर, वनखात्याच्या कार्ययोजनेत समाविष्ट असलेल्या निसर्गपर्यटनाच्या सोयींना 'वनेतर वापर' ह्या व्याख्येतून वगळण्यात आले. कायदे करणाऱ्यांचा हेतू चांगला असेलही. वाटाड्या गावकऱ्याने चार राहुट्या उभाराव्यात आणि पक्षी पाहणाऱ्यांना तेथे राहता यावे, एवढेच त्यांच्या डोळ्यांसमोर असावे. पण ज्या राहुटीला सिमेंटचा चौथरा, जमिनीखालचा नळ, शौचकूप आणि विजेची तार लागते ती तात्पुरती कशी? तिचे कापड तेवढे तात्पुरते असते.

हा धडा गोव्याला कोणी नव्याने शिकवायला नको. किनाऱ्यावरचे शॅक हे असेच हंगामी म्हणून आले. पावसाळ्याआधी काढायचे, पावसाळ्यानंतर पुन्हा उभारायचे, माडाची झापे आणि बांबू एवढेच साहित्य, अशी मूळ कल्पना. हंगामी म्हणून त्यांच्या सांडपाण्याचा विचार कोणी वेळेवर केला नाही. झापांच्या जागी फळ्या आल्या, वाळूत शोषखड्डे आले, आणि कळंगूट-कांदोळीचा तो प्रश्न अखेर न्यायालयात जाऊन पोहोचला. समुद्र निदान अफाट आहे. तो पुष्कळ काही पोटात घालतो. आमच्या नद्यांना ती ऐपत नाही. मार्च उजाडला की सह्याद्रीच्या पायथ्याशी त्यांचे पात्र आटत जाऊन खडकांमधली कुंडे तेवढी भरलेली राहतात, आणि तंबूंचा हंगाम तर तेव्हाही चालूच असतो.

येथे थोडा हिशेब केलेला बरा. समजा, नदीकाठच्या एका जागेत वीस तंबू आहेत आणि प्रत्येकात दोघे राहतात. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागते असे आपल्याकडील पाणीपुरवठ्याचे मान आहे. तंबूत उतरणारा पाहुणा घरच्यापेक्षा कमी पाणी वापरील अशी आशा धरण्याचे कारण नाही, कारण गरम पाण्याच्या फवाऱ्याचे पैसे त्याने मोजलेले असतात. चाळीस माणसांचे ५४०० लिटर झाले. त्यातील चार पंचमांश तरी सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे सुमारे ४३०० लिटर रोज. नदीकाठच्या गाळाच्या आणि रेतीच्या जमिनीत खणलेला शोषखड्डा हे पाणी अडवून धरत नाही, तो फक्त नजरेआड करतो. खालून ते पात्राकडेच झिरपते. स्वयंपाकघराचे तेलकट पाणी, साबण आणि चादरी धुण्याची पावडर ह्यांचा हिशेब निराळा.

हे पाणी जाते कोठे? कुळे-मोले भागातील उदाहरण घ्या. दूधसागरचा प्रवाह डोंगर उतरून खाली येतो, रगाड्याला मिळतो आणि पुढे खांडेपार नदी म्हणून वाहतो. ह्या खांडेपार नदीवर ओपा येथे जलशुद्धीकरण केंद्र आहे. पोर्तुगीज अमदानीपासून चालत आलेले हे केंद्र फोंडा आणि तिसवाडी तालुक्यांना पाणी पुरवते. म्हणजे पणजीत सकाळी नळ सोडल्यावर जे पाणी चहाच्या भांड्यात पडते ते मोल्याच्या रानातून आलेले असते. शनिवारी रात्री त्या रानात आमच्याच शेजाऱ्याने, किंवा आम्ही स्वतः, काय सोडले हे सोमवारी आमच्या नळाला विचारावे लागेल. ओपाच्या केंद्रात पाणी गाळले जाते, त्यात क्लोरीन घातले जाते, हे खरे. पण वरच्या अंगाला तंबूंची ओळ वाढत गेली तर गाळण्याचा आणि क्लोरीनचा खर्च कोण सोसणार? तंबूवाला तो आपल्या दरात धरत नाही.

सांडपाण्याइतकाच, पण कोणीच न बोललेला, दुसरा प्रश्न माकडतापाचा आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात ह्या रोगाचा विषाणू प्रथम सापडला. गोव्यात सत्तरी तालुक्यात २०१५ पासून त्याचा उपद्रव सुरू झाला आणि काही रुग्ण दगावले. गोचिडांच्या चाव्यातून तो माणसाला होतो. रानात माकडे मरून पडू लागली की रोग आल्याची खूण समजावी. त्याचा जोर साधारणतः डिसेंबर ते मे ह्या महिन्यांत असतो, म्हणजे काजूच्या बागांत माणसे वावरत असतात नेमका तोच काळ, आणि तंबूंचाही तोच. पूर्वी दिली जाणारी लस पुरेशी गुणकारी ठरत नसल्याने २०२२ मध्ये बंद करण्यात आली. सत्तरीतला काजूवाला अंगाला तेल चोपडून, पायघोळ कपडे घालून बागेत शिरतो. संध्याकाळी गरम पाण्याने न्हाऊन अंग तपासतो. शहरातून आलेला पाहुणा अर्ध्या चड्डीत पालापाचोळ्यावर चटई पसरून तारे मोजतो. तंबूच्या रंगीत जाहिरातींत आम्ही आजवर गोचिडाचे नाव वाचलेले नाही. ते तेथे लिहिणे धंद्याच्या सोयीचे नसेल. पण परवाना देणाऱ्या खात्याने ते लिहावयास लावले पाहिजे.

पाण्याचा धोका तरी सर्वांना ठाऊक आहे असे वाटते, आणि तेच खोटे आहे. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळी अभयारण्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले आणि सरकारला अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घालावी लागली. त्यानंतरच्या जुलैत, २०२४ साली, सत्तरीतील पाली धबधब्यावर गेलेले सुमारे ऐंशी लोक नदी अकस्मात फुगल्याने पलीकडे अडकले. त्यांना दोरखंडांच्या आधाराने बाहेर काढण्यात आले. आमच्या नद्यांचा उगम घाटमाथ्यावर आहे. वर कर्नाटकाच्या हद्दीत पाऊस कोसळतो तेव्हा खाली ऊन पडलेले असू शकते, आणि पाणी येते ते सांगून येत नाही. जो जुना गावकरी आहे त्याचे घर म्हणून पात्रापासून दूर, चढावर असते. 'रिव्हर व्ह्यू' ही त्याची गरज नव्हती. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस आणि मे अखेरचे वळीव ही तंबूंच्या हंगामाची दोन टोके आहेत, आणि दोन्ही टोकांना नदी विश्वासू नसते.

इतर प्रांतांत काय घडले हे पाहण्यासारखे आहे. ऋषिकेशच्या वर गंगेच्या वाळूवर राफ्टिंगवाल्यांचे तंबू अनेक वर्षे पडत होते. दिल्लीहून शुक्रवारी रात्री निघायचे आणि शनिवारी वाळूत शेकोटी करायची, असा तो परिपाठ. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कौडियाला ते ऋषिकेश ह्या पट्ट्यातील तंबूंवर बंदी घातली. नियम आधी करा, मग तंबू ठोका, असा त्याचा अर्थ. केरळात वायनाड जिल्ह्यातील मेप्पाडी येथे जानेवारी २०२१ मध्ये तंबूत उतरलेली एक तरुणी रात्री हत्तीच्या हल्ल्यात मरण पावली. नंतर उघड झाले की त्या जागेला घरगुती निवासाचा परवाना होता, तंबूंचा नव्हता. दोन्ही ठिकाणी सरकारला जाग आली ती नंतर. शेजारच्या कर्नाटकाने मात्र एक वेगळी वाटही दाखविली आहे. 'जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स' ही त्या राज्याची कंपनी १९८० पासून चालते. काळी नदीच्या काठी दांडेलीला तिचा तंबूंचा तळ आहे आणि बेळगाव-गोव्याकडील पुष्कळ लोक तेथे जाऊन आले आहेत. ती आदर्श आहे असे आम्ही म्हणणार नाही. दांडेली-गणेशगुडीच्या परिसरात खाजगी धंद्याची जी दाटी झाली ती तिला थोपविता आली नाही. पण जागेची मालकी सरकारची, खाटांची संख्या ठरलेली आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारावा हे माहीत असलेले, एवढे तरी तेथे आहे.

गोव्यात रानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण रानात माणसे आहेत. म्हादई आणि नेत्रावळी ही अभयारण्ये १९९९ साली, राष्ट्रपती राजवटीच्या काळात, राज्यपाल जनरल जेकब ह्यांच्या कारकिर्दीत जाहीर झाली. त्यांच्या पोटात वस्त्या, कुळागरे आणि देवराया आल्या. वनहक्कांचे दावे वर्षानुवर्षे कचेऱ्यांतून फिरत राहिले. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीच्या रानात एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेलेले सापडले. गुरे मारली गेल्याचा राग त्यामागे होता. वाघांचे ते मरण लांच्छनास्पदच होते, पण त्या घटनेने रानातल्या माणसाची घुसमटही दाखवून दिली. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्रप्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. अशा तापलेल्या परिस्थितीत गोठ्याची एक भिंत वाढवायची तर ज्याला परवानगीसाठी हेलपाटे घालावे लागतात, त्या गावकऱ्याच्या डोळ्यांसमोर पलीकडच्या काठावर बाहेरच्या माणसाचे वीस तंबू 'तात्पुरते' म्हणून उभे राहिले, तर त्याने कायद्याविषयी काय समजायचे? मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या डोंगरांवर वणवे पेटले आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी पाणी टाकावे लागले, हेही विसरता येत नाही. अभयारण्यात आग पेटविणे कायद्याने गुन्हा आहे. आणि तंबूच्या जाहिरातीत सर्वांत ठळक चित्र शेकोटीचे असते.

सहलीचा बेत आखणाऱ्या वाचकांनी घरीच बसावे, असा आमचा सल्ला नाही. वनखात्याची निवासस्थाने बोंडल्याला आहेत, खोतीगावला आहेत. तेथे थाटमाट नाही, पण सकाळी सहा वाजता धनेशाच्या पंखांचा आवाज ऐकू येतो आणि त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत. बोंडल्याचे प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते, तेवढे पाहून दिवस ठरवावा. नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम; त्यातही माकडतापाच्या बातम्या वाळपईकडून येत असतील तर सत्तरी टाळून काणकोणकडे वळावे. तांबडी सुर्लचे महादेवाचे देऊळ आणि शेजारची नदी पाहून परत येण्यास एक दिवस पुरतो. खाजगी तंबूच हवा असेल तर नोंदणीचे पैसे भरण्याआधी दूरध्वनीवरून काही साध्या गोष्टी विचाराव्यात. १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली आपली नोंदणी आहे काय, जागा कोणाची, शौचकुपाचे पाणी कोठे जाते, पाणी चढले तर माणसे कोणत्या वाटेने वर जातात, आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद होतो की नाही. उत्तर देताना जो अडखळेल त्याच्याकडे मुलाबाळांना घेऊन जाऊ नये. जो गावातलाच आहे, ज्याची आई आपल्याच परसातल्या भाजीचे जेवण करते, त्याच्याकडे दोन सोयी कमी असल्या तरी जावे. पैसे गावात राहतात आणि नदीबद्दल त्याला लाज असते, कारण दुसऱ्या दिवशी त्यालाच तेथे गुरे पाण्यावर न्यायची असतात.

सरकारकडून आम्हांला फार मोठी अपेक्षा नाही. तंबूला बांधकाम मानायचे की नाही ह्या शब्दच्छलात न पडता, जेथे शौचकूप आहे तेथे पक्क्या इमारतीचेच सांडपाण्याचे नियम लागू करावेत. खांडेपार आणि म्हादई ह्यांच्या काठांवर पात्रापासून किती अंतर सोडायचे आणि एका जागी किती खाटा असाव्यात हे ठरवून टाकावे, आणि ठरविताना त्या त्या गावची ग्रामसभा घ्यावी. ओपाच्या वरच्या अंगाला पाण्याची तपासणी हंगामात दर महिन्याला व्हावी आणि तिचे आकडे वर्तमानपत्रांना मिळावेत. परवाना असलेल्या जागांची यादी, खाटांच्या संख्येसह, ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी पंचायतींच्या फलकांवर लागावी, म्हणजे यादीत नसलेला तंबू कोणता हे गावातले शाळकरी पोरही सांगू शकेल.